पान नंबर लिहून ठेवा रे! संदर्भ देताना होणारे घोळ आणि ते कसे टाळायचे

एकच गोष्ट वाचून उठणार असाल तर ही वाचा. पुस्तक हातात आलं की मजकूर वाचायच्या आधी मोबाइल काढा आणि दोन पानांचे फोटो घ्या, एक शीर्षकाचं पान आणि दुसरं त्याच्या मागचं, जिथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत असं सगळं बारीक टायपात कोंबलेलं असतं. मग ज्या पानावरची ओळ वहीत उतरवताय त्या पानाचाही फोटो, खालचा पान नंबर दिसेल असा. बास. मी हे केलं नव्हतं. पीएचडीच्या शेवटच्या महिन्यात सव्वीस तळटीपांपुढे "पृ. ???" असं लिहिलेलं होतं आणि त्या सव्वीस प्रश्नचिन्हांसाठी मी चार दिवस परत लायब्ररीत जाऊन बसले, त्यातलं एक पुस्तक तोवर बाइंडिंगला गेलेलं. माझे गाइड काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं.

आता एमएचे प्रबंध आणि पीएचडीची प्रकरणं तपासून द्यायला लोक माझ्याकडे येतात (ओळखीतले, फुकट, चहावर), आणि घोळ सगळ्यांचे तेच. एपीए की एमएलए (या संदर्भ लिहायच्या ठरलेल्या स्टाइल), स्वल्पविराम की टिंब यावर लोक रात्र घालवतात आणि खरा लोच्या भलतीकडेच असतो. स्टाइल कुठलीही घ्या, तुमच्या विद्यापीठाच्या किंवा जर्नलच्या सूचनेत जी असेल ती. तुमच्यानंतर कुणीतरी येऊन त्याच ओळीवर बोट ठेवू शकलं पाहिजे, एवढंच काम आहे संदर्भाचं. म्हणून नियम माझ्यापुरता एकच, तुमच्या हातात जे होतं तेच लिहा.

सोपं वाटतं ना? बघा मग. ताराबाई शिंद्यांचं स्त्री-पुरुष तुलना १८८२ साली छापलं गेलं. नंतर ते विस्मरणात गेलं आणि स. गं. मालशे यांनी संपादित करून १९७५ मध्ये पुन्हा समोर आणलं. आता विद्यार्थी काय करतो, मालशेंची आवृत्ती वाचतो, किंवा तिचंही कुणीतरी केलेलं पुनर्मुद्रण वाचतो, आणि कंसात लिहितो (शिंदे, १८८२, पृ. ३१). १८८२ च्या छापील पुस्तकाचं एकतिसावं पान तुम्ही बघितलंय का? नाही. तुम्ही बघितलंय ते नव्या आवृत्तीचं. मग कंसात (शिंदे, १८८२/१९७५, पृ. ३१) असं द्या, आणि सूचीत "शिंदे, ताराबाई. स्त्री-पुरुष तुलना. संपा. स. गं. मालशे. १९७५ (मूळ प्रकाशन १८८२)" असं लिहून पुढे प्रकाशक आणि गाव, तुमच्या हातातल्या प्रतीवर असेल तसं. दोन्ही सालं हवीत, कारण नुसतं १९७५ लिहिलं तर परीक्षकाला वाटेल ताराबाई सत्तरच्या दशकातल्या लेखिका, आणि नुसतं १८८२ लिहिलं तर पान सापडणार नाही.

आणि तुम्ही ताराबाईंचं वाक्य त्यांच्या पुस्तकात वाचलंच नसेल, कुठल्यातरी लेखात वाचलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. "उद्धृत" हा शब्द त्यासाठीच आहे. ताराबाई शिंदे, उद्धृत, अमुक लेखक, अमुक लेख, पान इतकं. लोकांना यात कमीपणा का वाटतो कळत नाही. उलट मधल्या लेखकानं एखादा शब्द गाळला असेल किंवा पान चुकवलं असेल तर ती चूक तुमच्या अंगावर येत नाही. चुकीचा पान नंबर एका प्रबंधातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मी बघितलाय, सगळ्यांनी "मूळ पुस्तक" म्हणून दिलेला.

बाबासाहेबांच्या लेखनात हाच गोंधळ तीन मजली होतो. कास्ट्स इन इंडिया हा निबंध त्यांनी कोलंबियात ९ मे १९१६ ला वाचला, तो छापून आला इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात १९१७ च्या मे महिन्यात, आणि आज आपण बहुतेकजण तो वाचतो महाराष्ट्र शासनानं १९७९ मध्ये काढलेल्या, वसंत मून यांनी संपादित केलेल्या इंग्रजी समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात. तिन्ही सालं खरी. मजकुरात "१९१६ च्या निबंधात आंबेडकर म्हणतात" असं खुशाल लिहा, पण पान देताय ते खंड एकचं, तर सूचीत खंड एकच आला पाहिजे, आणि खंड म्हटला की खंड क्रमांक विसरू नका. त्यात तुम्ही मराठी अनुवादातून घेतलं असेल तर अनुवादकाचं नावही हवं, कारण ते मराठी वाक्य बाबासाहेबांचं नाही, अनुवादकाचं आहे. अनुवादकाला आपल्याकडे कुणी विचारत नाही, निदान सूचीत तरी विचारा.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातला फरक पण इथेच सांगून टाकते. पुनर्मुद्रण म्हणजे तेच परत छापलं, पानं बहुतेक तीच राहतात. नवी आवृत्ती म्हणजे मजकूर बदलला, वाढला, नवं टायपिंग झालं, आणि पानं सरकली. आपले प्रकाशक मात्र दोन्हीला सर्रास "आवृत्ती" म्हणतात, त्यामुळे त्या पानावर जे छापलंय ते जसंच्या तसं लिहा, तिसरी आवृत्ती तर तिसरी आवृत्ती. प्रस्तावनेतलं वाक्य घेतलंत तर अजून एक गंमत, बऱ्याच जुन्या मराठी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना अंक नसतात, "सात", "आठ", "नऊ" असे अक्षरी आकडे असतात आणि मग मुख्य मजकूर परत १ पासून सुरू. तिथे "पृ. सात" असंच लिहायचं. पृ. ७ लिहिलंत की वाचणारा पहिल्या प्रकरणात जाऊन शोधत बसेल. प्रस्तावना दुसऱ्या कुणाची असेल तर संदर्भ त्या माणसाच्या नावावर, पुस्तकाच्या लेखकाच्या नाही. हे फार चुकतं.

नावांचं काय करायचं

आडनाव आधी, हे सगळ्यांना माहितीये. राजवाडे, वि. का. किंवा फुले, जोतीराव. पदव्या, उपाध्या काढायच्या, म्हणजे महात्मा, लोकमान्य, तर्कतीर्थ, डॉ., प्रा. हे सूचीत नकोत, तर्कतीर्थांची नोंद "जोशी, लक्ष्मणशास्त्री" अशी ज मध्ये येईल. यात अनादर वगैरे काही नाही, घाबरू नका, मजकुरात तुम्ही आदरानं लिहा की.

टोपणनावं आली की गाडी अडते. कुसुमाग्रज क मध्ये की शिरवाडकर श मध्ये? आरती प्रभू की खानोलकर? माझं उत्तर परत तेच, हातातल्या पुस्तकावर जे नाव छापलंय ते. विशाखा कुसुमाग्रज या नावानं आहे तर क मध्ये, नटसम्राट वि. वा. शिरवाडकर या नावानं आहे तर श मध्ये, आणि एका ठिकाणी "शिरवाडकर, वि. वा., पाहा कुसुमाग्रज" अशी ओळ टाकून द्या म्हणजे दोघं वेगळे वाटणार नाहीत. आणि हो, कुसुमाग्रज, केशवसुत, ग्रेस ही नावं उलटी करायची नाहीत, एका सूचीत मी "प्रभू, आरती" वाचलंय.

संतांना आडनावाच्या साच्यात बसवू नका. तुकाराम, ज्ञानेश्वर, जनाबाई, एवढंच.

पान नंबर जिथे चालत नाही

ज्ञानेश्वरीचा संदर्भ पानानं देणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, घरोघरी वेगळी प्रत आहे. अध्याय आणि ओवी द्यायची, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण ओव्यांचे आकडे प्रतीप्रतीत एकदोननं मागेपुढे सरकतात. म्हणून पहिल्यांदा संदर्भ देताना कुठली प्रत वापरताय ते तळटीपेत एकदा सांगा (राजवाडे संपादित प्रत, साखरे प्रत, जी असेल ती) आणि मग पूर्ण प्रबंधभर तीच. अर्धा प्रबंध एका प्रतीवर आणि अर्धा आईच्या देव्हाऱ्यातल्या प्रतीवर असं करू नका. मी केलंय, म्हणून सांगते.

तुकोबांच्या गाथेत तर हे जास्तच. शासकीय गाथेत ४६०७ अभंग आहेत, दुसऱ्या गाथांत संख्याही वेगळी आणि क्रमही वेगळा, त्यामुळे नुसतं "अभंग १२३" म्हणजे काहीच नाही. गाथा कुठली, अभंग क्रमांक किती, आणि सोबत अभंगाची पहिली ओळ. पहिली ओळ असली की माणूस कुठल्याही गाथेत सूचीवरून शोधतो.

इतिहासवाल्यांसाठी, राजवाड्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या बावीस खंडांतून किंवा तसल्या कुठल्याही पत्रसंग्रहातून घेताय तर खंड आणि लेखांक द्या, पान दिलं तर बोनस. लेखांक हा त्या पत्राचा कायमचा नंबर आहे, एकाच पानावर दोन-तीन पत्रं असतात तेव्हा नुसत्या पानानं काही कळत नाही. मूळ कागद पुराभिलेखागारात जाऊन बघितला असेल तर दफ्तर आणि रुमाल (म्हणजे कागदांचं गाठोडं) क्रमांक तिथल्या तिथे लिहून घ्या, घरी येऊन आठवत नाही.

आणि साल! यात माझाच पचका झालेला आहे. जुन्या पुस्तकावर, पत्रावर शके असतं, आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं की ७८ मिळवा. पानिपत घ्या, शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. १६८२ मध्ये ७८ मिळवले की येतं १७६०. आणि लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. म्हणजे ७८ च्या हिशोबानं आपण पानिपत वर्षभर आधीच उरकलं. कारण शक बदलतो चैत्रात आणि इंग्रजी साल जानेवारीत, त्यामुळे चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८, माघ-फाल्गुनात ७९, आणि मार्गशीर्ष-पौष हे दोन महिने संशयाचे, तिथे तिथी बघून जंत्रीत (जुन्या तिथी-तारखांच्या कोष्टकात) ताडून घ्यायचं. पुस्तकावर महिना नसेल, नुसतं शके १८०४ असेल, तर स्वतःच्या मनानं एक साल ठोकू नका, "शके १८०४ (१८८२-८३)" असं लिहा. पत्रात सुहूर सन (जुन्या मराठी पत्रांतली आणखी एक कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, तो बदलतो मृगाला, फसली सनाचा हिशोब अजून वेगळा. छापलेलं मूळ साल आधी, तुमचं रूपांतर कंसात, हा क्रम ठेवलात की तुमचा हिशोब चुकला तरी वाचणारा दुरुस्त करू शकतो.

अवतरण चिन्ह कुठे, आपले शब्द कुठे

इथे खरी भानगड आहे. बऱ्याच जणांना वाटतं की वाक्यातले चार शब्द बदलले, "परंतु"चं "पण" केलं, की ते आपलं झालं. नाही होत. पुस्तक मिटा, बाजूला ठेवा, आणि मुद्दा कुणाला तरी फोनवर सांगताय असं समजून लिहा. मग उघडून ताडून बघा. एखादा शब्दप्रयोग त्या लेखकाचाच खास असेल तर तेवढ्याला अवतरण चिन्ह. आणि आपल्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ द्यायचाच, कारण मुद्दा त्याचा आहे. हे वाक्य मी आठवड्याला एकदा तरी कुणाला तरी म्हणते.

मराठीत लिहिणाऱ्यांचा अजून एक जुना धंदा म्हणजे इंग्रजी पुस्तकातले परिच्छेद मराठीत उतरवायचे आणि खाली काही नाही. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही हे खरं आहे, मराठी मजकूर इंग्रजीशी जुळत नाही, रिपोर्ट चार टक्के येतो आणि माणूस खुश. पण त्याच विषयातला परीक्षक ते पुस्तक वाचून बसलेला असतो, तिसऱ्या परिच्छेदाला ओळखतो. भाषांतर करून घ्या ना, काही हरकत नाही, खाली मूळ पुस्तक आणि पान द्या आणि "भाषांतर माझे" असे दोन शब्द लिहा.

टक्केवारीचं बोलायचं तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर दुरुस्त प्रबंधही देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात धरायची नसतात, सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं साम्यही नाही. म्हणून रिपोर्ट २३ टक्के आला की लगेच रडू नका, आधी बघा त्यात सूची धरलीय का. पण उलटही खरं आहे, ९ टक्के आला म्हणजे चोरी नाही असं काही नसतं. एका पानभर दुसऱ्याचा मजकूर बिनसंदर्भ उचललेला असेल आणि बाकी दोनशे पानं स्वच्छ असतील तर टक्केवारी मस्त दिसते.

एक तांत्रिक गोष्ट, प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला असेल तर युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरांची वाट लागते आणि नावंही तुटतात. पहिल्या दिवसापासून युनिकोड. टायपिंगवाल्या काकांना आधीच सांगा.

इंटरनेटवरचं

स्कॅन केलेली जुनी पुस्तकं आता घरबसल्या मिळतात, फार छान, पण साइटवर दिलेलं नाव, साल, लेखक डोळे झाकून घेऊ नका, ते कुणीतरी घाईत भरलेलं असतं आणि बऱ्याचदा साफ चुकीचं असतं. स्कॅनमधलं शीर्षकाचं पान उघडून बघा. पीडीएफ दाखवते तो पान नंबर आणि कागदावर छापलेला पान नंबर वेगळे असतात, छापलेला घ्यायचा. जर्नलच्या लेखाला डीओआय असेल, म्हणजे तो १० आकड्यानं सुरू होणारा लांबलचक नंबर, तर लिंकऐवजी तो द्या, साइट बदलली तरी तो चालतो. विकिपीडियावरून शोध सुरू करायला काहीच हरकत नाही, मी पण तेच करते, पण संदर्भ खाली दिलेल्या मूळ स्रोताचा, तोही स्वतः उघडून वाचल्यावर. विकीचंच पान अभ्यासाचा विषय असेल तर त्याचा "स्थायी दुवा" घ्या, म्हणजे त्या दिवशीचीच आवृत्ती दिसेल. यूट्यूबवरचं व्याख्यान असेल तर मिनिट-सेकंद द्या, दीड तासाच्या भाषणात कोण शोधणार.

आणि एआयला "संदर्भ दे" म्हणायचं बंद करा. खऱ्या लेखकाचं नाव, खऱ्या जर्नलचं नाव, आणि मध्ये असा लेख जो कुणी कधी लिहिलाच नाही, असं बेमालूम बनवून देतो तो. डीओआय टाकून बघा, लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये बघा, सापडलं नाही तर काढा.

झोटेरो (संदर्भ साठवून सूची करून देणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, वापरा, पण मराठी नोंदींवर विसंबू नका. मराठी वाक्याच्या मध्येच इंग्रजी "एट अल" येऊन बसतं, ते हातानं "व इतर" करावं लागतं. अकारविल्हे लावताना क्षीरसागर क मध्ये जातात, शाळेत आपण क्ष शेवटी शिकलो, दोन्ही चालतं पण सूचीभर एकच ठेवा. मराठी आणि इंग्रजी सूची वेगवेगळ्या केल्या तर डोकेदुखी निम्मी होते. इंग्रजीत पेपर लिहिताय आणि स्रोत मराठी असेल तर एपीएत पुस्तकाचं मराठी नाव रोमन लिपीत आणि पुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ, नुसता अर्थ दिलात तर ते पुस्तक जगात कुठेच सापडणार नाही.

"तत्रैव" (म्हणजे वरच्या तळटीपेतलंच पुस्तक) हा शब्द शेवटच्या दिवसापर्यंत लिहूच नका. तळटीप १२ फुल्यांची, १३ तत्रैव, आणि महिन्यानं तुम्ही मध्ये राजवाड्यांची एक नवी तळटीप घुसवली की तत्रैव राजवाड्यांचं झालं, तुम्हाला पत्ताही नाही. त्याऐवजी "फुले, पृ. ४५" असं छोटं रूप ठेवा, तेवढंच पुरतं, शिकागो स्टाइलवाले पण आता तेच सुचवतात.

पेपरच्या बातमीला तारीख, पान, आणि कुठल्या शहराची आवृत्ती हे तिन्ही लागतं, पुण्याच्या अंकातली बातमी नागपूरच्या अंकात नसतेच कधी कधी. दिवाळी अंकाला महिना-अंक क्रमांक शोधत बसू नका, "दिवाळी अंक २०१४" आणि संपादकाचं नाव पुरे.

गावात जाऊन घेतलेल्या मुलाखतीला, जात्यावरच्या ओव्यांना पण संदर्भ लागतो. ओवी कुणी सांगितली, कुठल्या गावात, कधी. "लोकसाहित्यातून" असं लिहून त्या बाईला गायब करू नका. पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवरच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव व्यवस्थित दिलेलं असतं, तसं. अर्थात नाव छापू का हे तिला आधी विचारायचं, ती नको म्हणाली तर नको, मग गाव आणि तारीख तेवढी द्या.

प्रिंटला द्यायच्या आधी एक संध्याकाळ काढा. मजकुरातलं प्रत्येक कंसातलं नाव सूचीत आहे का बघा, आणि मग उलटं, सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात आलंय का. कंटाळवाणं आहे, मैत्रिणीला बसवा, ती वाचेल तुम्ही टिक करा. माझ्या सूचीत तीन पुस्तकं अशी निघाली जी प्रबंधात कुठेच नव्हती, त्यातलं एक तर मी उघडलंसुद्धा नव्हतं, नुसतं भारदस्त वाटतं म्हणून कधीतरी टाकलेलं. गपचूप डिलीट केलं.